घरचीच स्पेसिमनं

गणिताचा अभ्यास करणाऱ्या पोराच्या वाटेला घरात कुणी जात नाही. इंटिग्रेशन म्हटलं की थोरली माणसं पायांत चपला सरकवून बाहेर पडतात. फिजिक्सचं तेच. पण पोरगं बायोलॉजीचं पुस्तक उघडून बसलं की घरातल्या प्रत्येकाला कंठ फुटतो. इलेक्ट्रॉन कुणी पाहिलेला नसतो. शरीर मात्र ज्याला त्याला एकेक मिळालेलं असतं, आणि इतकी वर्षं वापरल्यामुळं त्यातलं आपल्याला कळतं अशी ज्याची त्याची खात्री असते.

आमचं घर मंगळवार पेठेत. पुतणी बारावी सायन्सला. कोल्हापूर विभागीय मंडळाच्या लेखी ती कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतला एक बैठक क्रमांक आहे. घरच्यांच्या लेखी ती डॉक्टर झालेलीच आहे, बोर्डानं फक्त शिक्का मारायचा राहिलाय. त्यामुळं तिच्या अभ्यासाच्या टेबलाभोवती दिवाळीपासून ओपीडी भरते.

आधी पेपरचं गणित सांगतो, कारण बायोलॉजी घेणारी पोरं गणित सोडून आलेली असली तरी हे एक गणित त्यांना तोंडपाठ असतं. शंभरातले तीस मार्क प्रॅक्टिकलचे, सत्तर लेखीचे. धडे पंधरा. दहा मार्कांचे पर्यायी प्रश्न आणि आठ मार्कांचे एका वाक्यातले, हे सगळे सोडवायचे. पुढं दोन मार्कांचे बारा प्रश्न, त्यातले आठ लिहायचे. तीन मार्कांचे बारा, त्यातलेही आठ. चार मार्कांचे पाच, त्यातले तीन. म्हणजे एकोणतीस मोठ्या प्रश्नांतले दहा सोडून द्यायची मुभा खुद्द बोर्डानंच दिलेली आहे. आता ज्या गावात लग्नाच्या पंगतीत रस्सा सुद्धा कुणी सोडत नाही, तिथं सरकार दहा प्रश्न सोडायला देतंय म्हटल्यावर पोरं ती संधी कशी सोडतील? यालाच ‘ऑप्शनला टाकणं’ म्हणतात. अभ्यासाला बसायच्या आधी काय ऑप्शनला टाकायचं याचा अभ्यास होतो, आणि तो खरोखर मन लावून होतो.

पुतणीच्या एका मैत्रिणीनं सगळी झाडंच ऑप्शनला टाकली आहेत. दुसरीनं जनावरं टाकली आहेत. दोघी एका बाकावर बसल्या असत्या तर एक अख्खी जीवशास्त्रज्ञ तयार झाली असती. परवापरवापर्यंत बॉटनी आणि झूलॉजीच्या उत्तरपत्रिका वेगवेगळ्या असायच्या, तेव्हा असली मखलाशी चालत नव्हती. आताही फारशी चालत नाही म्हणा. ऑप्शनला टाकलेला धडा एका मार्काच्या प्रश्नातून डोकं वर काढतोच.

तर ओपीडी. आठवा धडा श्वसन आणि रक्ताभिसरणाचा. ‘निरोगी माणसाचा रक्तदाब १२०/८०’ एवढं तिनं मोठ्यानं म्हणायचा अवकाश, दादानं शर्टाची बाही वर केली. दादाला बीपी आहे आणि त्याचा त्याला अभिमान आहे. “एकशेसाठ-शंभर असताना मी दुकानाचं शटर एकट्यानं उचललंय. हे लिही उदाहरण म्हणून.” पुतणी म्हणाली, “पप्पा, पेपर तपासणारे सर सांगलीचे असले तर त्यांना तुमचं शटर कुठनं माहीत असणार?” दादाला हे पटलं नाही. त्याच्या मते शटर सांगलीतही माहीत आहे.

नवव्या धड्यात ग्रंथी आल्या. वहिनींना थायरॉईड. त्यांनी पुस्तक ओढून घेतलं, थकवा, सुस्ती, वजन वाढणं ही लक्षणं बोट ठेवून वाचली, पान दुमडलं आणि दादाच्या पुढ्यात आपटलं. “वाचा. वीस वर्षं म्हणताय, आळशी आहे म्हणून. मी आळशी नाही, ग्रंथी आळशी आहे.” त्या दिवसापासून वहिनींचा या विषयावर फार जीव आहे. विज्ञानाचा घरात थेट फायदा व्हावा तो असा.

दहाव्या धड्यात रोगराई आणि व्यसनं. हा धडा चालू असताना शेजारचे एक काका पेपर वाचायला आले होते. तोंडात मावा. कर्करोगाची कारणं सुरू झाली तसे ते उठले, दाराबाहेर जाऊन पिंक टाकून आले आणि म्हणाले, “पोरीनं अभ्यास मनात करावा. मोठ्यानं वाचलं की डोक्यात राहत नाही.”

पण खरा पेच झाला आज्जीचा. आज्जीला शुगर. स्वादुपिंडात लँगरहान्सची बेटं असतात, त्यातल्या बीटा पेशी इन्शुलिन तयार करतात, ते कमी पडलं की मधुमेह, असं पोरगी घोकत होती. आज्जीनं जपमाळ खाली ठेवली. “माझी शुगर हाय व्हय पुस्तकात?”

“आहे की. हे बघ.”

आज्जीनं चष्मा लावून ओळी मोजल्या. तिचा चेहरा पडला. “इतकी वर्षं गोळ्या खातोय मी, आन् दीडच वळ?”

वहिनींनी मध्येच धड्याबाहेरचा धडा घेतला. पॉल लँगरहान्स यांनी ती बेटं १८६९ मध्ये पाहिली तेव्हा ते विद्यार्थीच होते, हे त्यांनी मोबाईलवर वाचलं होतं. “बघ. विद्यार्थी असून बेटं शोधली. तुला कपाटातला टॉवेल सापडत नाही.” आज्जीला बेटांत रस नव्हता. आपल्या दुखण्याला मान मिळाला पाहिजे एवढंच तिचं म्हणणं. जानेवारी संपताना किरणोत्सव होता, मावळतीची किरणं अंबाबाईच्या पायांपासून चेहऱ्याकडं चढतात ते बघायला मुंगीला वाट नव्हती. त्या गर्दीत घुसून आज्जी देवीला गाऱ्हाणं घालून आली: यंदा पेपरात शुगर यावी. नातीला मार्क पडावेत हे मागायचं ती विसरली.

आबांचं वेगळंच. आबा म्हणजे आजोबा, जुन्या तालमीतले पैलवान. खासबाग मैदान १९१२ सालचं; तिथल्या मातीत आपण अंग घासलंय हे ते दर पाहुण्याला सांगतात. दोन्ही कान मोडलेले. पाचव्या धड्यात उत्क्रांती आली आणि लामार्क आला: मिळवलेले गुण पुढच्या पिढीत उतरतात. पुतणीनं आबांच्या कानाकडं बघितलं, दादाच्या कानाकडं बघितलं, आरशात स्वतःचे कान बघितले. लामार्क आमच्या घरात चीतपट झाला. वाइझमान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं त्यासाठी उंदरांच्या पिढ्यान्‌पिढ्या शेपट्या तोडल्या, तरी पिल्लं शेपटीसकटच जन्मली. त्यानं कोल्हापुरात येऊन पैलवानांच्या नातवंडांचे कान बघितले असते तर उंदरांचा जीव वाचला असता. आबांना मात्र हे ऐकून वाईट वाटलं. “म्हणजे माझी ताकद बी उतरली नाही म्हण की,” असं म्हणत ते दादाच्या पोटाकडं बघत राहिले.

आता कवटीतल्या नसा. मेंदूपासून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या, त्या क्रमानं लिहायच्या. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या पोरांना अकरावीत एकदम सगळं इंग्रजीत येतं. श्वसन होतं ते रेस्पिरेशन होतं इथवर ठीक, पण ग्लॉसोफॅरिंजियल म्हणजे शब्द आहे की घशाचं दुखणं हेच कळत नाही. मग क्लासमधली पोरं युक्त्या काढतात. वर्षानुवर्षं चालत आलेली इंग्रजी वाक्यं आहेत, पण ती पाठ करायला आधी इंग्रजी पाठ करावं लागतं. म्हणून आमच्या पेठेतल्या कुणा पुण्यवानानं स्वदेशी वाक्य काढलं: ‘ओ, ओ, ओ! टकल्या टेंपोवाल्या, अरं फाटकात आलायस! गाडी वळीव, सोड हायवे!’ बारा शब्द, बारा नसा. पोरं हे वाक्य झोपेतही म्हणतात. अडचण एवढीच, की टेंपोवाला लक्षात राहतो, टकलाही राहतो, पण टकल्याचा ट ट्रॉक्लियरचा की ट्रायजेमिनलचा हे विसरतं. आणि पहिले तीन ‘ओ’ तर हाकच मारत राहतात, कुणी ओ देत नाही.

पोरगी रडकुंडीला आली तेव्हा मी तिला रविवारी सकाळी मिसळ खायला नेलं. पुस्तक बरोबर घ्यायला लावलं. दुकानाच्या पायरीवरच कटाचा वास आला: पहिली नस, ऑल्फॅक्टरी. प्लेट पुढ्यात आली, वर लाल तवंग दिसला: दुसरी, ऑप्टिक. वाढप्याकडं डोळे वर करून बघितलं: तिसरी, ऑक्युलोमोटर. नजर खाली आपल्या प्लेटकडं वळवली: चौथी, ट्रॉक्लियर. पहिल्या घासाला तोंडात जाळ झाला. तिखट ही चव नव्हेच, ती जळजळ. आणि ती वर्दी मेंदूला पोचवणारी पाचवी, ट्रायजेमिनल. शेजारच्या टेबलावर कांदा जास्त दिलाय काय हे डोळ्याच्या कोपऱ्यातनं बघितलं: सहावी, अ‍ॅब्ड्युसन्स. डोळ्यांतनं पाणी आलं, तोंड वाकडं झालं: सातवी, फेशियल. “कट वाढू काय?” ऐकू आलं: आठवी, ऑडिटरी. ब्रेडचा तुकडा घशाखाली गेला: नववी, तीच ती ग्लॉसोफॅरिंजियल. पोटात पोचल्याची खबर व्हेगसनं दिली, ती दहावी. “नको, नको” म्हणून मान हलली: अकरावी, स्पायनल अ‍ॅक्सेसरी. आणि नको म्हणत असतानाच जीभ ओठांवरनं फिरली: बारावी, हायपोग्लॉसल.

माझं तर ठाम मत झालंय की अन्य जिल्ह्यांतली पोरं या प्रश्नात मार खातात याचं कारण आहाराचं आहे. पोह्यांवर सहाव्या नसेच्या पुढं जाता येत नाही.

पुतणीला तेव्हापासून बाराही नसा पाठ आहेत. सराव परीक्षेत तिनं ट्रायजेमिनलचं काम लिहिताना कटाचा उल्लेख केला. सरांनी लाल शाईनं शेजारी लिहिलं, ‘उदाहरण पुस्तकातले द्यावे.’ आणि अर्धा मार्क कापला. सर बहुतेक पथ्यावर असतील.

एवढी सगळी गलका करणारी माणसं एका धड्यापाशी येऊन गप्प झाली. पहिला धडा वनस्पतींच्या प्रजननाचा. तो तिनं गच्चीवरून अख्ख्या गल्लीला ऐकवला. परागकण, बीजांड, सात पेशी आणि आठ केंद्रकं, नवाशिन यांनी १८९८ मध्ये शोधलेलं दुहेरी फलन, सगळं खणखणीत आवाजात. फुलांच्या बाबतीत गल्लीला काही संकोच नाही. दुसरा धडा आला आणि आवाज बंद. हा धडा माणसांचा. वर्गात तो ‘सोपा आहे, घरी वाचून घ्या’ या सदरात मोडतो. घरी तो ‘वर्गात झालाच असेल’ या सदरात मोडतो. तिनं पुस्तक उभं धरलं, दादाला गाडीत पेट्रोल भरायचं आठवलं, टीव्हीचा आवाज वाढला, आबा तालमीकडं चक्कर मारायला निघाले. घरात या विषयाची एकच खरी जाणकार होती, पाच बाळंतपणं झालेली, आणि तिला कुणी काही विचारत नव्हतं.

शेवटी आज्जीच म्हणाली, “आज का गं मुकी झालीस? कुठला धडा?”

पुतणीनं मान वर न करता सांगितलं.

“मग वाच की मोठ्यानं. त्यात काय चोरी केलीया व्हय कुणी?”

मग तासभर दार लोटून दोघींचं चाललं. मी पडवीत असल्यामुळं अधूनमधून कानावर येत होतं. पुस्तक म्हणत होतं, गर्भारपण चाळीस आठवडे, म्हणजे २८० दिवस. आज्जी म्हणत होती, नऊ महिने नऊ दिवस. कॅलेंडर काढून हिशेब झाला आणि दोन्ही आकडे दोन-चार दिवसांच्या फरकानं जुळले. “दोन-चार दीस इकडंतिकडं हुतंच,” आज्जीनं निकाल दिला. वार पडण्याबद्दल, पहिल्या चिकाबद्दल, बाळ आडवं असलं तर काय होतं याबद्दल ती जे बोलली त्यातलं निम्मं पुस्तकात होतं आणि उरलेलं निम्मं पुस्तकात असायला हवं होतं. बारावीच्या अख्ख्या वर्षात त्या पोरीला नीट शिकवलेला धडा तो एकच, असं मला वाटतं.

दुसऱ्या बाजूला नीटचा क्लास आहेच. तिथं बायोलॉजी वेगळीच. एकशेऐंशी प्रश्नांत नव्वद बायोलॉजीचे, सातशेवीस मार्कांत तीनशेसाठ तिचे. सगळं गोल काळे करून. तिथली पोरं बेडकासारखी टपकन जीभ मारून उत्तर टिपतात, पण चार मार्कांचा प्रश्न आला की पेन हातात धरून बसतात. चार पर्याय दिल्याशिवाय त्यांना आता जेवायलाही सुचत नाही. एका पोरानं बोर्डाच्या सराव पेपरात उत्तर लिहून शेवटी कंसात ‘क’ असं लिहिलं होतं.

आकृत्यांबद्दल थोडं. पेन्सिलनं काढायची, शेडिंग करायचं नाही, नावं एका बाजूला सरळ रेषेत द्यायची. यात सगळ्यात घात हृदय करतं. चित्रातलं हृदय समोरच्या माणसाचं असतं, त्यामुळं त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडं येते. दरवर्षी कितीतरी पोरं डावं-उजवं बदलून अशुद्ध रक्त थेट अंगभर सोडून देतात. दादाला हे समजावताना त्यानं छातीवर हात ठेवून आरशासमोर उभं राहून पाहिलं आणि त्याचं बीपी वाढलं.

प्रॅक्टिकल तर निराळा सोहळा. महिनाभर जर्नल पूर्ण करायची धावपळ, एकाचं बघून दुसऱ्यानं, दुसऱ्याचं बघून तिसऱ्यानं; डीएनएची नक्कल होताना जशा चुका शिरतात तशाच जर्नलची नक्कल होतानाही शिरतात, आणि शेवटच्या जर्नलमधला कांदा ओळखू येत नाही. परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातनं एक्स्टर्नल येतात. आमच्याकडं पोरांची एक पक्की समजूत आहे: तोंडी परीक्षा जेवणाआधी झाली तर सर खोलात शिरतात, जेवणानंतर झाली तर नाव आणि गाव विचारून सोडतात. पांढरा रस्सा अंगावर येतो, हे शरीरशास्त्र पोरांना पुस्तकाशिवाय कळलेलं असतं. म्हणून बायोलॉजीच्या लॅबबाहेर दुपारच्या रांगेसाठी भांडणं होतात.

बरण्यांतली स्पेसिमनं बघताना मला नेहमी गंमत वाटते. फॉर्मॅलिनमध्ये वर्षानुवर्षं पडून पांढरी पडलेली ती जनावरं. बरणीवरचं लेबल नसेल तर त्यांच्या आईनंसुद्धा ओळखू नयेत. आणि बाहेर? गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. त्यांतल्या पंढरपुरी म्हशीची शिंगं खांद्याच्याही मागं जातील एवढी लांब. पशुपैदाशीचा आख्खा धडा तिथं शेपूट हलवत उभा असतो. पोरं दूध पितात, मिशी पुसतात आणि क्लासला जाऊन ‘संकर’ पाठ करतात.

पंधरावा धडा जैवविविधतेचा. पश्चिम घाट, हॉटस्पॉट, जागतिक वारसा २०१२, हे सगळं पोरं घोकतात, आणि त्या वारशाच्या यादीतलं राधानगरी अभयारण्य याच जिल्ह्यात आहे. तिथले गवे अधूनमधून वाट चुकून शहराच्या वेशीपर्यंत येतात. मला वाटतं, ते बोर्डाचं केंद्र शोधत येत असावेत. आपल्यावर काय प्रश्न काढलाय ते बघायला.

शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पं जपली आहेत. ही पुतणीला मुद्दाम दाखवायला मी घेऊन गेलो. या फुलाची नळी आतून केसाळ, केस खाली वळलेले. बारकी माशी वासानं आत उतरते, पण केसांमुळं वर येता येत नाही. फूल तिला कोंडून ठेवतं, परागांचं गाठोडं तिच्या अंगाला चिकटवतं, मग केस सुकतात आणि माशी सुटते. ती दुसऱ्या फुलात जाऊन पुन्हा अडकते. पोरगी बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, निसर्गाच्या करामतीनं थक्क झाली. ती म्हणाली, “काका, ही माशी दहावीनंतर अकरावीला गेली बघ.” आणि मग, “हे किती मार्काला येतं?” मी म्हटलं, बहुतेक येत नाही. ती वळून फाटकाकडं चालू लागली.

पेपरच्या दिवशी वहिनींनी हातावर दही-साखर ठेवली. “लॅक्टोबॅसिलस,” पोरगी पुटपुटली आणि गिळून टाकली. केंद्राबाहेर कॉपीमुक्तीचे फलक, पोलीस, बंद केलेली झेरॉक्सची दुकानं आणि पोरांपेक्षा दुप्पट पालक. पेपर अकराचा. पूर्वी वाचायला आधी दहा मिनिटं मिळायची, २०२३ पासून ती शेवटी मिळतात; म्हणजे आधी घाबरायचा वेळ होता तो आता पस्तावायला दिलाय. दोन दहाला पोरं बाहेर आली. झाडं ऑप्शनला टाकलेली मैत्रीण फाटकाजवळच्या गुलमोहराकडं रागानं बघत होती.

घरी सगळे वाट बघत बसले होते. आल्या आल्या दादानं विचारलं, “बीपी आलं होतं?”

“आलं की. दोन मार्काला. लिहिलो.”

दादानं मिशीवरनं हात फिरवला. वहिनींनी तोंडानं विचारलं नाही, नुसता गळ्याला हात लावला.

“थायरॉईड पण आलं. तीन मार्काला.”

“आन् माझी शुगर?” आज्जी.

पोरगी जरा घुटमळली. “आली होती आज्जी. चार मार्काला. सगळ्यात मोठा प्रश्न.”

आज्जीनं मंदिराच्या दिशेला हात जोडले. “मग? भरभरून लिहिलीस न्हवं?”

“त्याच्या शेजारी मिसळीचा प्रश्न होता... म्हणजे नसांचा. तो येत होता चांगला. मग तुझी शुगर ऑप्शनला टाकलो.”

घरात कुणी काही बोलेना. वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या, त्यातला बिनसाखरेचा कप त्यांनी नेहमीप्रमाणं आज्जीपुढं केला. आज्जीनं तो परत ट्रेमध्ये ठेवला.

“दोन चमचे साखर घालून आण. ऑप्शनलाच टाकलीया तर.”